पाहणाऱ्याचे घर, राहणाऱ्याचे घर

जगातल्या चमत्कारिक घरांची पुस्तके हल्ली फार निघतात. गुळगुळीत कागद, झगझगीत रंग. एका पानावर बुटाच्या आकाराचे घर, दुसऱ्यावर चक्क छपरावर उभे राहिलेले. दिवाळीच्या सुटीत घरातली लहानथोर मंडळी असे पुस्तक मांडीवर घेऊन पाने उलटतात आणि मीही त्यांच्या खांद्यावरून डोकावतो. पण या चित्रांत एक गोष्ट मला नेहमी खटकते. घर असते, घरात माणूस नसतो. नाटकाचे परीक्षण लिहिताना नेपथ्याला दोन ओळी देऊन आपण नटांकडे वळतो. घराचे परीक्षण मात्र नेपथ्यावरच संपते. आत राहणाऱ्याचे काय झाले, हे विचारायचे कोणी?

हॉलंडमधल्या रॉटरडॅमची घनाकृती घरे घ्या. पीट ब्लॉम या स्थापत्यकाराने १९८४ साली ती पुरी केली. सापशिडीचा फासा टोकावर उभा करावा, तशी अडतीस घरे खांबांवर तोललेली. प्रत्येक घर म्हणजे झाड आणि सारी मिळून रान, अशी त्याची कल्पना. कल्पना गोड आहे. पण भिंती पडल्या तिरप्या, त्यामुळे सुमारे शंभर चौरस मीटर जागेतला पाव हिस्सा वापरातच येत नाही. कपाट भिंतीला टेकत नाही. देवाची तसबीर लावू म्हटले तर ती भिंत सोडून लोंबकळणार. बघ्यांचे कुतूहल तर इतके वाढले, की अखेर एका रहिवाशाने आपले घर तिकीट लावून दाखवायला काढले! तरीही ब्लॉमवर मला राग धरवत नाही. त्याची थट्टा उघड आहे. घर तिरपे आहे, हे घेणाऱ्याला रस्त्यावरूनच दिसते.

याच्या अगदी उलट टोकाला दक्षिण ऑस्ट्रेलियातले कूबर पीडी हे गाव. १९१५ साली तिथे ओपल हे रत्न सापडले आणि खाणवाले जमले. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या पार जातो. तेव्हा लोकांनी टेकडीच्या पोटातच खोल्या कोरल्या. आत हवा बारमाही पंचवीस अंशांच्या आसपास. गावाच्या नावाचा अर्थच मूळ रहिवाशांच्या भाषेत 'गोऱ्या माणसाचे बीळ' असा सांगतात. छायाचित्रात या बिळाचे काय येणार? टेकडीला एक दार आणि जमिनीतून वर आलेली हवेची नळी. पण आतल्या माणसाला भर दुपारी सुखाने झोप लागते. मी तरी या घराला पैकीच्या पैकी गुण देईन.

आता ज्या घराची स्तुती वाचून वाचून मी हा लेख लिहायला बसलो, ते घर. अमेरिकेत शिकागोपासून काही अंतरावर, प्लेनो गावी, फॉक्स नदीच्या काठी ते उभे आहे. मीस व्हान डेर रोहे हा जर्मनीतून तिकडे गेलेला नामांकित स्थापत्यकार. डॉ. एडिथ फार्न्सवर्थ या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंसाठी त्याने ते सुटीतले घर १९५१ साली पुरे केले. आठ पांढरे पोलादी खांब, जमिनीपासून पाच फुटांवर तरंगणारी फरशी, वर सपाट छत आणि चारी बाजूंना काच. मधल्या लाकडी गाभ्यात न्हाणीघर. बाकी आडोसा म्हणून नाही. घर इतके देखणे, की त्याला नावे ठेवताना जीभ अडखळते. झाडे, आकाश, नदी, सारे जणू घरातच येते.

नदी तर खरोखरच घरात आली, १९५४ साली आणि पुन्हा १९९६ साली. थंडीत काचांवर वाफ धरे. रात्री दिवा लावला की किड्यांचे थवे जमत. ओट्याखाली कचऱ्याची बादली ठेवायची चोरी, कारण ती रस्त्यावरून दिसते, असे बाईंनी जाहीरपणे सांगितले. खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ वाढला, प्रकरण न्यायालयात गेले आणि कौल मीसच्या बाजूने लागला. विद्वानांचा कौल त्याआधीच लागलेला होता. बाईंना स्थापत्य कळत नाही, म्हणून ते मोकळे झाले. हा प्रेमभंगाचा राग आहे, अशी कुजबूजही झाली. मला या कुजबुजीची चीड येते. कचऱ्याची बादली कुठे ठेवू, हा प्रश्न स्थापत्याबाहेरचा आहे काय?

मीसचे भक्त म्हणतील, कलाकृती सोयीच्या तराजूत तोलू नये. कवितेचा काही उपयोग नसला तरी चालते, हे कबूल. पण कविता आवडली नाही तर पुस्तक मिटता येते. घर मिटता येत नाही. रात्री त्यातच निजावे लागते.

बाईंनी ओसरीला जाळी लावून घेतली आणि वीसएक वर्षे ते घर वापरले. १९७२ साली पीटर पालम्बो या इंग्रज धनिकाने ते घेतले आणि जाळी काढून टाकली. याला मूळ सौंदर्याची पुनःस्थापना म्हणतात. मी याला डासांना दिलेले आमंत्रण म्हणतो!

२००३ साली ऐतिहासिक वास्तू जतन करणाऱ्या संस्थांनी लिलावात ते घर मिळवले आणि लोकांना पाहायला खुले केले. २०२० साली बाईंच्या वेळी तिथे जसे सामान होते, तसे प्रदर्शनासाठी पुन्हा मांडण्यात आले. पुढच्या वर्षी घराच्या नावात 'एडिथ' हे त्यांचे नावही घातले गेले. त्या सामानासकट घराची छायाचित्रे नव्या पुस्तकांत येतात की पुन्हा तीच रिकामी काच, ते मी पाहतो आहे.