‘उजवीकडे’ म्हणजे नेमकं कुठे?

मंडळी, लिनक्सवर दोन मॉनिटर जोडले की एक्सरँडआर ही कमांड आपल्याला छान शब्द देते : ‘राइट-ऑफ’, ‘लेफ्ट-ऑफ’. हा पडदा त्याच्या उजवीकडे. लायब्निझ खूश झाला असता. १७१५-१६ मधल्या पत्रव्यवहारात तो क्लार्कला हेच सांगत होता, की अवकाश म्हणजे वस्तूंमधल्या संबंधांची व्यवस्था. वस्तू ठेवायचं रिकामं कपाट नव्हे.

पण पुढे काय होतं बघा. डावा मॉनिटर २४ इंची, १९२० बाय १०८०. उजवा २७ इंची, २५६० बाय १४४०. यंत्र ‘उजवीकडे’ ऐकतं, त्याचा आकडा करतं – आडवा १९२०, उभा ० – आणि शब्द विसरतं. नंतर फक्त डाव्याचं रिझोल्यूशन कमी केलं, तर उजवा जागचा हलत नाही. मध्ये फट पडते. आपण सांगितला संबंध, यंत्राने साठवला पत्ता. न्यूटन जिंकला म्हणायचा, तोही गुपचूप.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. हा पत्ता पिक्सेलमध्ये असतो आणि टेबल सेंटिमीटरमध्ये. दोन्ही पडद्यांच्या वरच्या कडा एका रेषेत ठेवा. डावीकडून, हजाराव्या ओळीवरून, माउस सरळ उजवीकडे न्या. बाण वरच्या कडेपासून सुमारे २७.७ सेंटिमीटरवरून निघतो आणि शेजारी उगवतो २३.३ वर. हात सरळ गेला, बाण चार सेंटिमीटर वर उडाला! उजव्याच्या तळच्या ३६० ओळींना तर डावीकडे शेजारच नाही. बाण तिथे कडेला थटतो.

सेटिंग्जमधले चौकोन ओढताना आपल्याला वाटतं, हे आपल्या टेबलाचं चित्र. ग्नोम घ्या, केडीई घ्या, ते पिक्सेलांचं चित्र आहे. केडीईच्या वेलँडमध्ये स्केलिंग वाढवलं की चौकोन लहान होतो. काच आहे तेवढीच राहते.

बरं, माहिती नव्हती असंही नाही. मॉनिटर जोडला की ईडीआयडीमधून आपलं माप सांगतो; एक्सरँडआर ते मिलिमीटरमध्ये छापतेसुद्धा. आता प्रोजेक्टरला स्वतःच्या पडद्याचं माप कुठून कळणार, तिथे माणसाला विचारावं. पण साध्या मॉनिटरचं ऐकायला काय हरकत होती?

तूर्त दोन्ही मॉनिटरांचे मध्य एका उंचीवर आणा आणि डाव्याला ‘पॉस’ ० बाय १८० द्या, उजव्याला १९२० बाय ०. मग मधोमध उडी राहत नाही. डाव्याच्या वरच्या-खालच्या कडांपाशी राहते, तीही अडीच सेंटिमीटरच्या आत.