आरसा कुठे ठेवायचा?

प्लाझ्मा तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह लॉन्चरवरचे पेपर वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकते. पानामागून पान झोताच्या रुंदीवर. झोत फिरवणारा आरसा अडकला तर काय, हे मात्र शेवटच्या परिच्छेदात, ‘पुढील काम’ म्हणून.

फ्रान्समधल्या इटरचंच बघा. मूळ आराखड्यात 170 गिगाहर्ट्झचे 24 गायरोट्रॉन, प्रत्येकी 1 मेगावॉटचा. वरच्या पोर्टमधल्या लॉन्चरचं मुख्य काम तापवणं नाहीच. प्लाझ्मात चुंबकीय बेटं तयार होतात आणि ती वाढू दिली तर अख्खा प्लाझ्मा कोसळू शकतो. बेटावर नेम धरून तिथेच करंट निर्माण करायचा, म्हणून झोत अरुंद हवा आणि फिरवताही यायला हवा.

आधी ठरलं होतं रिमोट स्टिअरिंग. म्हणजे हलणारा आरसा प्लाझ्मापासून लांब, न्यूट्रॉनच्या थेट माऱ्याबाहेर, आणि तिथून पुढे आतून बारीक खाचा असलेली चौकोनी नळी. नळीच्या बाजूचा वर्ग करा, चारने गुणा, तरंगलांबीने भागा. बरोबर तेवढी लांबी ठेवली, की झोत एका टोकाला ज्या कोनात शिरतो त्याच मापाच्या कोनात दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो, फक्त उलट बाजूला. 6 सेंटिमीटरच्या नळीसाठी 170 गिगाहर्ट्झला ही लांबी साधारण 8 मीटर येते. मला विचाराल तर आमच्या क्षेत्रातली ही सगळ्यात देखणी कल्पना आहे! पण कोन 12 अंशांच्या आसपास गेला की गडबड सुरू होते, आणि बेटांसाठी लागतो तेवढा अरुंद झोतही मिळत नाही. म्हणून इटरने आरसा पुढे, प्लाझ्माच्या तोंडाशी नेला.

बेटांचा विचार केला तर निर्णय बरोबरच. लोझानच्या गटाने त्यासाठी घडवलेली यंत्रणाही मानली पाहिजे: बेअरिंग नाहीत, घासणारं काहीच नाही, आरसा लवचीक पात्यांवर बसवलेला आणि हेलियमच्या दाबावर चालणारे धातूचे बेलो त्याला फिरवतात. पण थंड करणारं पाणी त्या फिरत्या आरशापर्यंत न्यायचं, तर नळ्यांनाही दर वळणाला वाकावं लागतं. तिथे माणूस जाऊ शकत नाही. गळती झालीच, तर अख्खा पोर्ट प्लग रोबोटने बाहेर काढायचा.

माझा आक्षेप निवडीला नाही, तुलनेला आहे. एका रकान्यात करंटची घनता आकड्यांत, दुसऱ्यात विश्वासार्हता ‘चांगली’ किंवा ‘बरी’. अशा तक्त्यात कोण जिंकणार हे उघड आहे. इटर प्रयोग आहे, तिथे हे एकवेळ चालेल. वीज बनवणाऱ्या डेमोसाठी युरोपातल्या मंडळींनी लांबच्या आरशाचा पुन्हा विचार केला, मग अधलीमधली जागाही तपासली, ते उगाच नाही.

त्यात 2024 मध्ये मांडलेल्या नव्या आराखड्यात इटरने ही ताकद सुरुवातीलाच 40 मेगावॉटवर नेली. लॉन्चर वाढले की हलणारे आरसेही वाढणार.

माझ्या स्वतःच्या प्रबंधात झोताच्या रुंदीवर एक पूर्ण प्रकरण आहे. पाण्याच्या नळ्यांवर अर्धं पान.