विद्यापीठाच्या दारात थांबलेले आत्मकथन

दलित आत्मकथनांवर आजवर इतके लिहून झाले आहे की, त्यांत जे आले नाही त्याविषयी आता बोलले पाहिजे. १९७८ साली 'बलुतं' आले. पुढच्या पाच-सहा वर्षांत 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अंतःस्फोट', 'अक्करमाशी' ही पुस्तके आली आणि पांढरपेशा मराठी वाचकाला ठाऊक नसलेला मुलूख त्याच्यासमोर उघडा पडला. शाळेतले वेगळे बसणे, वसतिगृहातली अर्धी भाकरी, फीसाठी केलेली उसनवारी हे सारे आता आपल्याला तोंडपाठ आहे. समीक्षकांनाही तेच हवे होते. भूक जितकी तीव्र तितके पुस्तक अस्सल, असा एक न बोललेला निकष आमच्या समीक्षेत रूढ झाला. परिणामी हाच मुलगा पुढे महाविद्यालयात गेला, विद्यापीठात गेला की लेखणी घाईला येते. गावकुसाबाहेरच्या एका दुपारला दहा पाने मिळतात आणि विद्यापीठाच्या दोन-तीन वर्षांना एक परिच्छेद. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, प्रकरण संपते.

त्या पिढीपुढचा प्रश्न दारापर्यंत पोचण्याचा होता, म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण आज दाराच्या आत काय होते हा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल मराठी आत्मकथनाकडे सांगण्यासारखे फार थोडे आहे.

या मौनाची सुरुवात थेट बाबासाहेबांपर्यंत नेता येते. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनी आठवणी लिहिल्या, त्या पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत लहानपणचा बैलगाडीचा प्रवास आहे, बडोद्याची पारशी खाणावळ आहे, दौलताबादचा किल्ला आहे. कोलंबियाचा वर्ग नाही. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ होते. सयाजीरावांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, दिवसरात्र ग्रंथालय. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य असल्याची जाणीव मनातून पुसून गेली होती, असे ते सांगतात आणि लगेच बडोद्याकडे वळतात. जिथे जखम नव्हती तिथे लिहायचे काय, असे कोणी म्हणेल. मला यात निराळे काही दिसते. न्यूयॉर्कमध्ये त्यांचे नाव कोणाला वाचता येत नव्हते. आंबेडकर म्हणजे कोण, हे त्या शहरातल्या गोऱ्याला कळण्याची सोय नव्हती.

बाबासाहेब सुरुवातीला काही दिवस हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. त्याच हार्टली हॉलमध्ये १९२१ साली लँग्स्टन ह्यूज हा काळा तरुण आला. त्याने मेक्सिकोहून टपालाने खोली राखून ठेवली होती. टपालात कातडीचा रंग दिसत नाही. प्रत्यक्ष समोर उभा राहिल्यावर कचेरीतली माणसे चकित झाली आणि खोली मिळवायला त्याला खटपट करावी लागली. वर्षभरात त्याने कोलंबिया सोडले. इमारत एक, आठ वर्षांचे अंतर, अनुभव दोन. विद्यापीठाला तुमच्यातले काय वाचता येते यावर सारे अवलंबून असते. आमची मुले आज पवईला, दिल्लीला, हैदराबादला जातात तेव्हा तिथे आडनाव वाचता येते. आडनाव कळले नाही तर प्रवेश-परीक्षेतला क्रमांक विचारतात. "रँक किती?" या दोन शब्दांत जे काम होते, ते पूर्वी गळ्यातल्या मडक्याने होत असे.

मधल्या काळात आपल्याकडे स्वतःची घरे होती, ही गोष्ट विसरली जाते. १९४६ चे सिद्धार्थ, १९५० चे मिलिंद. नागसेनवनात शिकलेला मुलगा गरीब असे, उपाशीही असे, पण वर्गात त्याला चोरासारखे बसावे लागत नसे. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून याच मिलिंदमध्ये आले आणि निग्रो साहित्याची चर्चा (तो त्या काळचा शब्द) औरंगाबादेत सुरू झाली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस आधी फिस्क या काळ्यांच्या विद्यापीठात शिकले आणि मग हार्वर्डला गेले. तिथे १८९५ साली डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले काळे. हार्वर्डच्या मुलांशी मैत्री जमवायच्या भरीस ते पडले नाहीत. एका काळ्या बाईच्या घरी खोली घेऊन राहिले. आणि हे सारे त्यांनी लिहून ठेवले. फिस्कची शिदोरी पाठीशी होती म्हणून हार्वर्डकडे असे थंडपणे पाहता आले. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या १९७३ साली. तेव्हापासून आमचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतून सरळ तिथे जातो, मध्ये कोणतेही फिस्क नाही.

मराठीत या आतल्या बाजूकडे निर्भयपणे पाहणारे एक पुस्तक आहे: कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट', १९८१. आपण त्याची नोंद स्त्रीचे आत्मकथन म्हणून केली आणि तिथेच थांबलो. त्यातली संस्कृत शिकण्याची हकीगत ही माझ्या मते विद्यापीठाची मराठीतली पहिली दलित समीक्षा आहे. महार मुलगी संस्कृत शिकते, याचे लोकांना कौतुक. बाईंना त्या कौतुकाचीच चीड आहे. तुम्ही थक्क का होता, असा त्यांचा वाचकाला उलटा सवाल आहे. शाळेतले गोखले गुरुजी दिसायला सनातनी. धोतर, टोपी, कपाळी गंध. मुलीला वाटते, हे आपल्याला दूर ठेवणार. ते मनापासून शिकवतात. विद्यापीठातले विभागप्रमुख आधुनिक वेषातले, देशभर कीर्ती असलेले, तत्त्वज्ञान सोपे करून सांगण्यात तरबेज. तिने संस्कृत शिकावे हे त्यांना खपत नाही, आणि ते तसे जाणवू देतात. बाई इथे कोणाला देव किंवा राक्षस करत नाहीत. ही दोन माणसे त्या शेजारीशेजारी ठेवतात, आणि शिक्षण वाढले, पेहराव बदलला की माणूस बदलतो या समजुतीची हवा निघून जाते.

त्याहून मोलाचा भाग पुढे आहे. एम. ए. झाले, वरचा वर्ग मिळाला, नोकरी नाही. मुलाखती, टोमणे, नकार. मग आंतरजातीय विवाह होतो, सोमकुवर आडनाव जाऊन पावडे येते आणि नोकरी मिळते. बाई हे यश म्हणून मिरवत नाहीत. नोकरी सोमकुवरांच्या मुलीला मिळाली नाही हे त्या हिशेबनिसाच्या कोरडेपणाने नोंदवतात. पेढ्यांचा प्रसंग त्यांनी असा नासवून टाकला, हे त्या पुस्तकाचे खरे धैर्य. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) मला आवडते. पण त्या पुस्तकाचे मन बापाकडे आहे, विद्यापीठाच्या वर्गाकडे नाही. त्यानंतर आलेल्या कितीतरी पुस्तकांनी बापाची ती माया उचलली. 'अंतःस्फोट'चा कोरडेपणा कोणी उचलला नाही.

आज आमच्याकडे आत्मकथनाचा एक नवा प्रकार रुजतो आहे, ज्याची समीक्षेला दाद नाही. परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करताना स्वतःविषयी पानभर मजकूर द्यावा लागतो. मुले त्याला 'एसओपी' म्हणतात. खालापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतली माझी विद्यार्थिनी, वडील खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. तिला कर्जत-खालापूरच्या कातकरी मुलांवर काम करायचे होते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांबरोबर ही मुले निघून जातात आणि शाळेच्या पटावर नुसती नावे राहतात. कागदपत्रे आधी: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, कर्जतच्या प्रांत कचेरीतून जातीचा दाखला, मग जात पडताळणी. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीचा रस्ता तिला बंद होता, कारण २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक संशोधन हे विषय त्या योजनेतून वगळले. अस्पृश्याच्या मुलीने परदेशी जाऊन वाटेल ते शिकावे, आपल्या देशाबद्दल तेवढे शिकू नये! राहिली राज्याची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती. सबंध महाराष्ट्रातून ७५ जागा. (केंद्राच्या योजनेतही २०२५ साली निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रे गेली, बाकीच्यांना निधी आल्यास कळवू असे सांगण्यात आले.)

तिचे ते पान मी तीनदा वाचले. पहिल्या खर्ड्यात वीटभट्टी होती, शाळेचा पट होता, तिने स्वतः घरोघर जाऊन काढलेली मुलांची यादी होती. मुंबईतल्या एका सल्लागाराने तो परत केला. म्हणाला, यात तुझी स्टोरी दिसत नाही, थोडा संघर्ष घाल. दुसऱ्या खर्ड्यात घराचे गळके छप्पर आले. तिसऱ्यात आईची धुणीभांडी आली, तेव्हा तो खूश झाला. तिचे घर गळत नाही. तीन खोल्यांचे पक्के घर आहे, वडिलांनी कर्ज काढून बांधलेले, आणि त्याचा त्या घराला अभिमान आहे. साहित्याची शिक्षिका म्हणून मला त्या पानाची भीती वाटली, कारण ती वळणे माझ्या ओळखीची होती. आमच्याच आत्मकथनांच्या समीक्षेने जे अस्सल ठरवले, तेच आता प्रवेशाचे चलन झाले होते. ह्यूजने १९५१ च्या संग्रहात 'थीम फॉर इंग्लिश बी' नावाची कविता घेतली आहे. तिच्यात मास्तर वर्गाला स्वतःविषयी एक पान लिहून आणायला सांगतात आणि वर्गातला एकटा काळा विद्यार्थी विचारात पडतो की आपले पान कोणत्या रंगाचे होणार. आमच्या मुलीला रंग विचारावाही लागला नाही, तो आधीच ठरलेला होता. मी तिला पहिलाच खर्डा पाठवायला सांगितले. प्रवेश मिळाला.

प्रवेशानंतर काय, याची माहिती आपल्याला बहुतेकदा चौकशी समित्यांकडून मिळते. थोरात समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्सविषयी दिलेल्या अहवालात, अनुसूचित जाती-जमातींची मुले वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर कशी एकत्र ढकलली जातात हे नोंदवले. या विषयावरचा इतका चांगला गद्य मजकूर आमच्या कथाकारांनी दिलेला नाही. त्यानंतर १७ जानेवारी २०१६, हैदराबाद, रोहित वेमुला. २२ मे २०१९, मुंबई, जळगावची डॉक्टर पायल तडवी. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याच्या आरोपाचा खटला त्यातून उभा राहिला. २०१९ सालीच दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. रोहितच्या पत्राला पुष्कळांनी थोर साहित्य म्हटले. मला हे रुचत नाही. त्याला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे होते. ते लिहायला त्याला अवधी मिळाला असता तर साहित्य झाले असते. मेलेल्या मुलाच्या शेवटच्या कागदाची शैली वाखाणणे हा भुकेच्या समीक्षेचाच पुढचा टप्पा आहे.

मग जिवंत मुले का लिहीत नाहीत? लिहितात, पण इंग्रजीत. नांदेडच्या सूरज येंगडे यांचे 'कास्ट मॅटर्स' (२०१९) मूळ इंग्रजीत आले. येरवड्याच्या वस्तीतून गेलेल्या आणि २०२४ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळालेल्या शैलजा पाईक यांचा दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचा ग्रंथ (२०१४) इंग्रजीत आहे. आणि गंमत अशी की त्यातल्या बाया आपल्याच पुण्या-मुंबईच्या. इंग्रजीत लिहिणाऱ्यांवर आपल्याकडे तुटून पडायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. कारण निराळे आहे, आणि ते मला त्या विद्यार्थिनीने सांगितले. आता ती तिथे आहे. रात्री व्हॉट्सॲपवर मराठीत बोलून पाठवते. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या भारतीय मुलांनी तिचे "पूर्ण नाव" विचारले. नंतर जेवणाच्या गटातून तिला वगळले गेले. शिष्यवृत्तीवर आली आहे कळल्यावर एकजण म्हणाला, "म्हणजे सरकारच्या पैशावर." तिथल्या गोऱ्या प्राध्यापिकेला यातले काहीच दिसत नाही, तिला सारे भारतीय एकच. बाबासाहेबांना मिळालेला विसावा हिला मिळाला नाही, कारण आता वाचणारे तिच्या आधीच तिथे पोचले आहेत. मी म्हटले, हे लिहून काढ. ती म्हणाली, "मराठीत नको, मॅडम. आई वाचेल."

आमच्या घरात पदवी प्रथम माझ्या हातून आली, म्हणून मला हे चांगले समजते. पदवी घराची असते, वाडीची असते, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची असते. तिच्यातला काटा दाखवणे म्हणजे कर्ज काढणाऱ्या बापाला खोटे पाडणे. इंग्रजी घरी पोचत नाही, म्हणून तिच्यात खरे सांगता येते. मराठी आत्मकथन दारात थांबते ते याच मायेपोटी. विद्रोह केला तो गावाशी, देवाशी, सवर्णांशी. आईच्या समजुतीशी करायला कोण धजणार? कुमुदबाई धजल्या, तेही नुसत्या नोकरीच्या हकिगतीपुरते.

तिचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. केळवलीहून खोपोली गाडीने कर्जतला येतो, गणित चांगले आहे, पवईची परीक्षा देणार म्हणतो. इंग्रजी पुस्तक त्याला अजून सलग वाचता येत नाही. परवा माझ्याकडे आला होता, ताई तिथे कशी राहते ते विचारत होता. मी त्याला 'अंतःस्फोट' दिले.