'सारखे करणे' व त्याचे सोबती

मत्तय २०:१२ मधील मजुरांची तक्रार मूळ ग्रीकमध्ये अगदी साध्या शब्दांत आहे. 'इसोस' हे विशेषण आणि 'करणे' हे क्रियापद, एवढ्यावर ती उभी आहे. मराठीत मात्र उपदेशकापुढे चार-पाच प्रयोग येतात, आणि ते एकमेकांच्या जागी खुशाल वापरता येतात असा समज आढळतो.

'समान करणे' निर्दोष आहे. परंतु व्यासपीठाखाली ते फारसे कोणी बोलत नाही. 'सपाट करणे' जमिनीला शोभते. यशया ४०:४ च्या विवेचनात चालेल. माणसांस लावले की उंचास खाली पाडल्याचा भास होतो, आणि दृष्टांतात तर पहाटेच्या मजुराच्या ठरलेल्या मजुरीतून काहीही कापलेले नाही. 'बरोबरी करणे' यात चढाओढ आहे. योहान ५:१८ मधील आरोप करणाऱ्यांच्या तोंडी ते शोभेल; फिलिप्पैकरांस २:६ येथे नाही, कारण तेथे मुळात 'असणे' आहे, 'करणे' नव्हे.

'बरोबर' हा फारसीतून आलेला शब्द मराठीत सोबत, अचूक आणि समान असे तीन अर्थ वाहतो. बेळगावच्या खासबागेत ही अडचण दुणावते. तेथे मराठी माणसाच्या कानी कन्नड 'सरि' सतत पडतो, आणि त्यातही अचूक व समान हे दोन्ही अर्थ आहेत. 'सरि माडु' म्हणजे तर नीट करणे, दुरुस्त करणे. 'धन्याने त्यांना बरोबर केले' असे ऐकून श्रोत्यास धन्याने मजुरांना वठणीवर आणले असे वाटल्यास नवल नाही.

राहिले 'सारखे करणे'. पदर सारखा करतात, अंथरूण सारखे करतात. म्हणून ते घरगुती ठरवून टाळले जाते. माझ्या मते तोच त्याचा गुण. खासबाग, वडगाव, शहापूर हा विणकरांचा पट्टा. मागावरील ताण्याचे धागे सारख्या ओढीचे करावे लागतात. सैल धागा ओढून घेतात, घट्ट धागा तोडीत नाहीत. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी असे पौल २ करिंथ ८:१३-१४ मध्ये म्हणतो, तेथील 'इसोतेस' समजावून देण्यास याहून जवळचा शब्द मला दिसत नाही.

मत्तयाकडे वळताना मात्र सावध असावे. जितके विणावे तितकी मजुरी, हा हिशेब अंगवळणी पडलेल्या वस्तीत ही तक्रार रास्तच वाटेल. गुळगुळीत शब्द योजून ती लपवू नये. 'आम्हांस आणि त्यांस सारखे करून टाकलेत' असे मी तरी म्हणेन. 'टाकणे' मुळात नाही, हे खरे. पण मजुराची चीड संदर्भात आहे, आणि मराठी माणूस ती याच सहायक क्रियापदाने बोलून दाखवितो.