जोडदेहाचा बाप्तिस्मा

मार्क ट्वेन ह्या अमेरिकन ग्रंथकाराची ‘दोज एक्स्ट्रॉऑर्डिनरी ट्विन्स’ ही कथा १८९४ मध्यें ‘पुडनहेड विल्सन’ ह्या त्याच्या कादंबरीच्या जोडीनें प्रसिद्ध झाली आणि त्या कादंबरीच्या कीर्तीआड झांकून गेली. कथा विनोदी आहे. परंतु तिच्यांतील एक प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. एका देहांत दोन मनें असलीं, तर त्या देहाचा धर्म कोणता?

लुईजी आणि आंजेलो हे इटालियन बंधु जन्मतः जोडलेले. मस्तकें दोन, हात चार, पाय मात्र दोनच. आणि त्या पायांवर एकेक आठवडा एकेकाची सत्ता. आंजेलो भाविक व निर्व्यसनी, लुईजी धर्माविषयीं स्वतंत्र विचाराचा व मद्यप्रिय. मद्य लुईजीनें घ्यावें आणि झिंग आंजेलोस यावी! पुढें आंजेलो बॅप्टिस्ट पंथ स्वीकारतो. त्या पंथांत सर्वांग पाण्यांत बुडविण्याचा विधि असल्यामुळें लुईजीसहि भावाबरोबर नदींत उतरणें भाग पडतें.

प्रसंग काल्पनिक असला, तरी त्यांतील पेंच जुना आहे. सांतो दोमिंगो येथें १५३३ सालीं जन्मलेल्या दोन जोडदेही मुली वारल्या, तेव्हां त्यांच्यांत आत्मे दोन होते कीं एक, हें ठरविण्यासाठीं शवविच्छेदन करण्यांत आलें. अंतरिंद्रियें दुहेरी आढळलीं, म्हणून आत्मेहि दोन ठरले. रोमन कॅथॉलिक पंथाच्या १६१४ च्या विधिग्रंथानेंहि ह्याचा विचार केला आहे. मस्तकें दोन व वक्षःस्थळें दोन असलीं, तर व्यक्ति दोन समजून प्रत्येकीस वेगळा बाप्तिस्मा द्यावा. संशय असल्यास एकीस निःशंकपणें आणि दुसरीस, आधीं झाला नसल्यास, अशा अटीवर द्यावा.

ह्या सर्व निर्णयांत अवयवांची मोजदाद आहे. अर्भकास वाचा नसते, म्हणून ती क्षम्यहि आहे. परंतु लुईजीस वाचा आहे. शिवाय बॅप्टिस्ट पंथ अर्भकांस बाप्तिस्मा देत नाहीं. जो जाणतेपणीं आपली श्रद्धा स्वमुखानें सांगेल, त्यासच देतो. तेव्हां त्या पंथाच्याच न्यायानें पाहिलें, तर नदींत भिजले दोघे, पण बाप्तिस्मा झाला एकट्या आंजेलोचा. दोन व्यक्ति ओळखण्याची खरी खूण मस्तकांच्या संख्येंत नाहीं. एकानें ‘होय’ म्हटलें असतां दुसऱ्यास ‘नाहीं’ म्हणतां येतें, ह्यांत ती आहे.

ट्वेन ह्या सिद्धान्ताच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि तेथून परततो. लाथ कोणीं मारली हें न ठरल्यामुळें न्यायसभा दोघांनाहि सोडून देते. लुईजी नगरसभेवर निवडून येतो. आंजेलो सभासद नसल्यामुळें त्यास सभेंत बसतां येत नाहीं, आणि कारभार अडतो. शेवटीं ग्रामस्थ लुईजीस फांशीं देतात! कादंबरींत तर ट्वेननें ह्याच बंधूंना निरनिराळे देह देऊन टाकले. हें प्रश्नाचें उत्तर नव्हे. प्रश्नासच दिलेली ही फांशी आहे. आमच्या देशांत २०२२ च्या पंजाब निवडणुकींत अमृतसर येथें अशाच, दोन मस्तकें व एकच पायांची जोडी असलेल्या भावांनीं दोन स्वतंत्र मतें दिलीं, आणि एकाचें मत दुसऱ्यास दिसूं नये अशी व्यवस्थाहि अधिकाऱ्यांनीं केली. ट्वेनच्या गांवकऱ्यांस जें सुचलें नाहीं, तें एका सरकारी खात्यास सुचलें.

तथापि वाङ्मयांत हा प्रश्न पुरा सोडविलेला पाहावयाचा असेल, तर मराठीकडेच वळलें पाहिजे. आमच्या समाजांत दुसरा एक जोडदेह शास्त्रानें व रूढीनें मानलेला आहे, तो पतिपत्नींचा. पत्नी ही अर्धांगी. नागपुराहून राजनांदगांवास जातांना रेल्वेंत नारायण वामन टिळकांस एका परदेशी सहप्रवाशाकडून बायबल मिळालें. त्याच मार्गावर आमचें तुमसर रोड स्टेशन लागतें. १८९५ मध्यें मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. अर्धांग तर पाण्यांत उतरलें. उरलेल्या अर्धांगाचें काय?

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या १९३४ ते १९३६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत ह्याचें उत्तर आहे. त्यांनीं पतीस टाकलें नाहीं आणि पतीचा धर्महि घेतला नाहीं. वियोग सोसला, पुढें पतीजवळ येऊनहि सोंवळें सांभाळलें, मग जातिभेद ईश्वरानें केला नाहीं हें स्वतःच्या बुद्धीस पटल्यावर तें सोडलें, आणि सुमारें पांच वर्षांनीं स्वतःचा बाप्तिस्मा घेतला. हें सारें त्या कोठेंहि वाद न घालतां, स्वतःसच हंसत सांगतात. ट्वेनचा विनोद दोघां भावांची टर उडवितो; लक्ष्मीबाईंचा विनोद दोघांचीहि प्रतिष्ठा राखतो. म्हणून विनोदकार ह्या नात्यानेंहि ह्या विषयापुरतें मी त्यांस श्रेष्ठ मानतों.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाईंना स्वतःचे पाय होते, लुईजीस नव्हते. ही तुलना फोल आहे. भेद खरा आहे. परंतु त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीस, पतीचा आधार तुटल्यावर, आप्तांच्या दारांखेरीज हे पाय कोठें नेणार होते? देह वेगळा असूनहि तिचें मन वेगळें न मोजणारा समाज, आणि देह एक म्हणून लुईजीस फांशीं देणारें गांव, ह्यांत फारसें अंतर नाहीं.

घरच्या कर्त्यानें धर्म, पक्ष किंवा मत बदललें कीं सारें घर बदललें, असें आपण अजूनहि सहज धरून चालतों. अशी शिरगणती करणारानें ‘स्मृतिचित्रें’ पुन्हां एकदां वाचावीं. त्यांतील पांच वर्षें ही एका स्त्रीच्या हट्टाची कहाणी नसून, पुढें तिनें दिलेल्या होकारास ज्यामुळें किंमत आली, त्या नकाराचा तो इतिहास आहे.