बंद शवपेटीतला गणवेश

विमान थांबल्यावर कॅप्टनची घोषणा झाली. पुढच्या रांगेत एका शहीद जवानाचे कुटुंबीय आहेत, ते उतरेपर्यंत कृपया बसून राहा. आम्ही बसून राहिलो. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं विमानच टाळ्या वाजवू लागलं. एक बाई मुलाचा हात धरून, खाली मान घालून दाराकडे गेली. तिने वळून पाहिलं नाही. माझ्या फोनमध्ये याचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. मी तो कुणाला पाठवला नाही, पण डिलीटही केला नाही.

त्या व्हिडिओची लाज वाटली ती 'टेकिंग चान्स' पाहताना. रॉस कॅट्झने दिग्दर्शित केलेला हा एचबीओचा 2009 चा चित्रपट. चान्स फेल्प्स हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन मरीन एप्रिल 2004 मध्ये इराकमध्ये मारला गेला. त्याचा मृतदेह वायोमिंगमधल्या डुबॉइस या छोट्या गावी पोहोचवायला लेफ्टनंट कर्नल मायकल स्ट्रोबल सोबत गेले. त्यांनीच लिहिलेल्या अनुभवावर चित्रपट बेतलेला आहे. स्ट्रोबलचं काम ऑफिसातलं, आकडेमोडीचं. इतर जण लढत असताना आपण टेबलामागे बसलो, ही टोचणी घेऊन तो निघतो. केविन बेकनने ती टोचणी जवळजवळ न बोलता दाखवली आहे.

वाटेत अनोळखी माणसं भेटत राहतात. विमानतळावर त्याला पहिल्या वर्गाची सीट मिळते. एक हवाईसुंदरी क्रूस हातात ठेवते. महामार्गावर गाड्या दिवे लावतात आणि शववाहिनीच्या मागेपुढे आपोआप ताफा तयार होतो. हे प्रसंग डोळ्यांत पाणी आणतात, पण माझी तक्रारही इथेच आहे. या अमेरिकेत एकही माणूस घाईत नाही, कुणी वैतागत नाही, हा मुलगा तिकडे का गेला होता असं कुणी विचारत नाही. कृतज्ञता इतकी एकसारखी झाली की तिची किंमत कळेनाशी होते. युद्धाबद्दल चित्रपट गप्पच राहतो.

तरी त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. डोव्हरच्या हवाई तळावर येणाऱ्या शवपेट्यांचे फोटो काढायला माध्यमांना 1991 पासून बंदी होती. कुटुंबाची संमती असेल तर फोटो काढू देण्याचा निर्णय फेब्रुवारी 2009 मध्ये जाहीर झाला. चित्रपट प्रसारित झाला तोही त्याच महिन्यात. म्हणजे बातम्यांत जे दिसत नव्हतं, ते तो घराघरांत दाखवत होता.

आणि दाखवतो ते काय? माझ्या मते त्याचा सगळ्यात चांगला भाग डोव्हरचाच आहे. चान्सच्या वस्तू कुणीतरी हळुवारपणे धुतं. त्याचा गणवेश मापात बसवून नीट तयार केला जातो. शवपेटी बंदच राहणार आहे, घरचेही हा गणवेश बघणार नाहीत, तरीही त्यात कसूर नाही. ही माणसं चान्सला ओळखत नाहीत. त्यांना कुणी टाळ्या देत नाही आणि तीही कुणाला देत नाहीत. युजरला कधीच न दिसणारा कोड नीट लिहायचा कंटाळा मी रोज करतो, म्हणून कदाचित हा प्रसंग मला जास्त लागला.

महामार्गावरचे ड्रायव्हर चान्सच्या आईवडिलांना कधीच भेटणार नाहीत. वाटेतला सगळा मान स्ट्रोबलच्या वाट्याला येतो आणि तो अवघडतो, कारण हा मान आपला नाही हे त्याला ठाऊक असतं. घरचे भेटतात ते अगदी शेवटी. तेव्हा तो चान्सच्या वस्तूंबरोबर तो क्रूसही त्यांच्याकडे देतो, आणि वाटेत ठिकठिकाणी तुमच्या मुलाला कसं जपलं गेलं ते सांगतो. निरोप्याचं काम त्याला इथे सापडतं. त्याच्यावाचून ही सगळी कृतज्ञता रस्त्यावरच राहिली असती.

आमच्या विमानात असा निरोप्या नव्हता. टाळ्या मात्र व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतात. त्या बाईच्या एका हातात मुलाचा हात होता. वरच्या कप्प्यातली तिची बॅग कुणी काढून दिली का, हे मला आठवत नाही. व्हिडिओतही ते नाही.