हिवरे येथील कंपनीकालीन उद्यान आणि वास्तुकेंद्री इतिहासलेखन : एक चिकित्सा

प्रस्तावना

वसाहतकालीन मळेवाल्या कुटुंबांच्या निवासस्थानांचा इतिहास हा आसाम, निलगिरी किंवा कूर्ग या प्रदेशांच्या संदर्भात स्वतंत्र अभ्यासविषय ठरला आहे. पुणे जिल्ह्यात मात्र अशी घराणी रुजली नाहीत. १८३० च्या दशकात इंदापूरपासून विंगेट व गोल्डस्मिड यांच्या मोजणीने रयतवारी पद्धतीला स्थिर रूप मिळाले. जमीन रयतेच्या नावे राहिली आणि युरोपीय मळेवाल्याला वाव उरला नाही. त्यामुळे मळा उभारण्याचे काम येथे सरकारनेच केले. जुन्नर तालुक्यात नारायणगावालगतच्या हिवरे येथील उद्यान हे त्याचे ठळक उदाहरण होय. हे उद्यान दापोडी येथील वनस्पती उद्यानाशी संलग्न होते आणि दोन्ही डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली होती. या उद्यानाचा इतिहास कसा लिहिला गेला व त्यातून काय सुटले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चरित्राची चौकट

गिब्सन (१८००–१८६७) हे स्कॉटिश शल्यवैद्य. १८३६ ते १८३८ या काळात त्यांनी दख्खन व खानदेशात देवी टोचण्याचे काम केले. १८३८ ते १८४७ या काळात ते दापोडीच्या उद्यानाचे अधीक्षक होते. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली व १८६० मध्ये ते निवृत्त झाले. १८६१ मध्ये डॅल्झेल व गिब्सन यांच्या संयुक्त नावाने 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिवऱ्याचा उल्लेख जेथे येतो तेथे तो बहुधा या चरित्राचे एक प्रकरण म्हणूनच येतो. परिणामी उद्यानाचा आरंभ अधिकाऱ्याच्या नेमणुकीने होतो आणि त्याच्या बदलीबरोबर कथाही संपते.

हेन्री नॉल्टी यांचा 'द दापुरी ड्रॉइंग्ज' (२००२) हा या विषयावरील सर्वांत साक्षेपी ग्रंथ आहे. एडिंबरो येथील शाही वनस्पती उद्यानात जतन झालेल्या चित्रांचा माग काढून त्यांनी दापोडीचा विस्मृत इतिहास उभा केला, हे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. तथापि शीर्षकात स्थळाचे नाव आहे, उपशीर्षकात गिब्सन यांचे नाव आहे. चित्रे ज्याने रेखाटली तो पोर्तुगीज-भारतीय चित्रकार मात्र अनामिकच राहतो. हा दोष ग्रंथकाराचा नव्हे. ज्या दप्तरात खर्चाची नोंद होते पण हाताची होत नाही, त्या दप्तराचा तो दोष आहे. पण दप्तराचे मौन हेच जर पुराव्याचे स्वरूप असेल, तर त्या मौनाचे वाचन करणे ही समीक्षेची जबाबदारी ठरते.

मौनाचे वाचन

हिवऱ्यात सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती सरकारी औषधभांडारासाठी पिकवल्या जात. अहवालांच्या भाषेत हे यश 'बचत' या शब्दात मोजले जाते. परंतु पेरणी, पाणी, खुडणी व वाळवणी ही कामे स्थानिक कौशल्यावाचून होणे शक्य नव्हते. शिवाय गिब्सन यांना मराठी अवगत होती. ज्या अधिकाऱ्याला माळ्याची भाषा येते, त्याच्या ज्ञानात माळ्याचा वाटा असतो, असे अनुमान काढणे अवास्तव ठरू नये. भाषा शिकली गेली, माहिती नोंदली गेली. सांगणारा मात्र नोंदीबाहेर राहिला.

दुसरा मुद्दा वनांचा आहे. रिचर्ड ग्रोव्ह यांनी 'ग्रीन इम्पीरिअ‍ॅलिझम' (१९९५) मध्ये गिब्सन यांच्यासारख्या कंपनीच्या वैद्यांना पर्यावरणविचाराचे आद्य प्रवर्तक मानले आहे. वृक्षतोड व पर्जन्य यांचा संबंध जोडणारी त्यांची दृष्टी निःसंशय महत्त्वाची होती. परंतु त्याच दृष्टीतून फिरत्या शेतीवर निर्बंध सुचवले गेले. १८४० च्या दशकात सह्याद्रीच्या याच पट्ट्यात राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली महादेव कोळ्यांचा उठाव पेटला होता. १८४८ मध्ये राघोजींना ठाणे येथे फाशी देण्यात आली. उठावाचे कारण वनसंरक्षण होते असा दावा येथे अभिप्रेत नाही. मात्र ज्या दशकात डोंगरातील माणूस राज्यसत्तेशी झगडत होता, त्याच दशकात डोंगराचे झाड सरकारी संरक्षणाखाली येत होते. संरक्षणाचा इतिहास या सहअस्तित्वाकडे पाठ फिरवून लिहिता येत नाही. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम भागातील आदिवासी कुटुंबे आजही हिरडा गोळा करून उपजीविकेला हातभार लावतात. औषधी वनस्पतींचे हे ज्ञान कोणत्याही सरकारी उद्यानाने त्यांना दिलेले नाही.

निष्कर्ष

या चिकित्सेला वर्तमानाचाही संदर्भ आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. लेणी, शिवनेरी व नाणेघाट यांच्या जोडीला वसाहतकालीन स्थळेही वारसा म्हणून मांडली जाणे स्वाभाविक आहे. त्या वेळी साहेबाचा बंगला व साहेबाची बाग एवढेच सांगितले गेले, तर कंपनीच्या अहवालाचीच पुनरावृत्ती होईल. दुसरीकडे, मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. तेथील घरांना वारशाचा दर्जा कधी मिळाला नाही. कोणते घर इतिहास ठरते आणि कोणते केवळ विस्थापन, हा प्रश्न म्हणूनच वास्तूचा नसून नोंदीचा आहे.

गिब्सन यांचे कार्य नाकारणे हा यावरील उपाय नव्हे. परिसरातील महाविद्यालयांनी महसुली दप्तरे, गावनकाशे, पाणीवाटपाच्या नोंदी आणि माळी व महादेव कोळी समाजांतील मौखिक परंपरा यांचे एकत्रित वाचन हाती घ्यावे. तसे झाल्यास हिवरे हे एका चरित्रातील प्रकरण न राहता श्रम, ज्ञान आणि जमीन यांच्या इतिहासाचे स्वतंत्र साधन ठरेल.